फाडून पाहू नका! नकली पोकेमॉन कार्ड ओरखडाही न पाडता कसं ओळखायचं

(एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा त्याचा लिखित भाग. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे. मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढलीय.)

नागपूरहून बोलतोय. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि कूलर बंद ठेवावा लागलाय, कारण माईकमध्ये फक्त त्याचाच आवाज येतो. म्हणजे हा एपिसोड मी अक्षरशः घाम गाळून करतोय, तेवढी कदर ठेवा.

सुरुवात एका कबुलीने करतो.

माझ्याकडे पोकेमॉनचं एक कार्ड आहे. बेस सेटमधला ब्लास्टॉइज, नंबर २/१०२. १९९९ साली ही कार्डं पहिल्यांदा इंग्रजीत आली, तेव्हाच्या पहिल्या सेटमधला. माझ्या मावसभावाने दिलेला. त्याचे बाबा नोकरीसाठी काही वर्षं न्यू जर्सीला होते, तिथल्या शाळेत असताना दादाने तो मिळवला होता. मला कार्डांचा नाद लागलाय हे कळल्यावर त्याने जुन्या वहीतून काढून हातात ठेवला. म्हणाला, "घे, माझ्याकडे नुसता पडून आहे."

हे २०२१ चं, लॉकडाऊनमधलं. मी नुकतीच काही नवीन कार्डं मागवली होती. चकचकीत, बोट फिरवलं तर खरखरीत लागणारी. त्यांच्या शेजारी हा ब्लास्टॉइज ठेवला तर अगदीच मिळमिळीत वाटला. चमक फक्त चित्राच्या चौकटीत, बाकी सगळं सपाट. मनात किडा शिरला की हा नकलीच असणार. मग एक व्हिडिओ पाहिला. त्यात सांगितलं होतं, कार्ड जरासं फाडा, आत काळी रेघ दिसली तर खरं.

मी फाडलं. वरच्या कडेपासून साधारण दीड सेंटिमीटर.

आत काळी रेघ होती. एकदम ठसठशीत. कार्ड खरं होतं. आणि ते खरं आहे हे ज्या क्षणी कळलं, त्याच क्षणी त्याची वाट लागली होती.

मित्राला सांगितलं तर तो म्हणे, "काऊन बे, सोनं खरं आहे का पाहायला कोणी मंगळसूत्र वितळवते का?" दादाला फोन करायची हिंमत व्हायला दोन दिवस लागले. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "अरे, मला विचारायचं ना."

ते वाक्य अजून डोक्यात आहे. आजचा एपिसोड त्यावरच आहे. नकली कार्ड ओळखायला कार्डाला शिक्षा द्यावी लागत नाही. शेजारी योग्य जोडीदार ठेवून तुलना करावी लागते, आणि तोंडाने प्रश्न विचारावे लागतात. माझी चूक फाडण्याच्या आधीच झाली होती. मी १९९९ चं कार्ड २०२१ च्या कार्डाशी ताडून पाहिलं.

आधी, खरं कार्ड बनतं कसं?

हे कळलं की बाकीच्या परीक्षा पाठ कराव्या लागत नाहीत.

चांगल्या प्रतीचे पत्ते घ्या, दिवाळीत तीन पत्तीला काढतो ते. समोरच्याला उजेडात आरपार दिसू नये म्हणून त्यांच्या दोन कागदांच्या मध्ये गडद थर असतो. पोकेमॉन कार्डातही तेच. दोन बाजूंना कागद आणि मध्ये काळपट थर. मी फाडून पाहिली ती रेघ हीच.

दुसरी गोष्ट छपाई. खरी कार्डं मोठ्या ऑफसेट मशीनवर छापतात. रंगीत चित्र निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या बारीक ठिपक्यांतून तयार होतं, पण काळी अक्षरं आणि रेषा सलग काळ्या शाईत येतात.

तिसरी गोष्ट चमक. चमकणाऱ्या कार्डांत धातूचा अतिशय पातळ थर असतो, आणि कोणत्या काळात तो कुठे आणि कोणत्या नक्षीचा असेल, हे ठरलेलं असतं.

नकली करणारा साधारण काय करतो? खऱ्या कार्डाचा स्कॅन किंवा इंटरनेटवरचा फोटो घेतो, स्वस्त कागदावर छापतो आणि वरून एकाच प्रकारची चमक चढवतो. म्हणून तो तीन ठिकाणी अडकतो. कागद, छपाई आणि चमक. आता आपण जे जे करणार आहोत, ते या तीन जागा बोट न लावता किंवा कमीत कमी लावून तपासणं आहे.

मी भिंग घ्यायला इतवारीच्या सराफ्यात एका ओळखीच्या काकांकडे गेलो होतो. त्यांना फाडण्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "कसोटीच्या दगडावर घासलं की थोडं सोनं जातंच. म्हणून आधी डोळे, मग काटा. दगड सगळ्यात शेवटी." आपला क्रमही तोच. फरक इतकाच की आपल्याकडे दगड नाहीच.

पायरी १: विचारा

कार्ड कुठून आलं? पाकिटातून निघालं की कोणाकडून घेतलं? कधी? विकणारा खरा असेल तर त्याच्याकडे काहीतरी गोष्ट असते, बिल असतं, नाहीतर सोबतची दुसरी कार्डं असतात.

आणि किंमत पाहा. अमेरिकेत दहा कार्डांच्या एका खऱ्या पाकिटाची कंपनीने सुचवलेली किंमत २०२३ साली साडेचार डॉलरच्या आसपास होती. इथे येईपर्यंत त्यावर वाहतूक, कर आणि दुकानदाराचा नफा चढतो. मग शे-दोनशे रुपयांत ५५ सोनेरी कार्डांचा डबा कसा मिळेल? सीताबर्डीत फिरताना किंवा शॉपिंग ॲपवर दिसणारे ते सोनेरी डबे नकलीच असतात. त्यांना भिंग लावण्यात वेळ घालवू नका.

पायरी २: वाचा

याला फक्त फोन लागतो. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यातला नंबर आणि सेटचं चिन्ह पाहा. पोकेमॉनच्या अधिकृत साइटवर कार्डांची यादी आहे, तिथे ते कार्ड शोधा. मग एकेक ओळ ताडा. नाव, एचपी, हल्ल्याचं नाव, आकडे, चित्रकाराचं नाव. जुन्या सेटचं कार्ड त्या यादीत सापडलं नाही, तर संग्राहकांच्या साइटवरचे मोठे फोटो वापरा.

उदाहरण घेऊ. सगळ्यांच्या स्वप्नातला बेस सेटचा चारिझार्ड. नंबर ४/१०२, एचपी १२०, चित्रकार मित्सुहिरो अरिता, आणि खाली कॉपीराइटच्या ओळीत विझर्ड्सचं नाव, कारण २००३ पर्यंत इंग्रजी कार्डं विझर्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी काढायची. यातली एक गोष्ट जरी वेगळी असेल, तर थांबा.

'पोकेमॉन' या इंग्रजी शब्दात 'ई' अक्षरावर एक छोटी तिरपी रेघ असते. नकली कार्डांत ती बऱ्याचदा गायब असते. स्पेलिंग चुकलेलं असतं, एचपी हजारांत असतो, हल्ल्याचं वर्णन अर्धवट असतं. असली कार्डं इथेच गळतात.

पायरी ३: शेजारी ठेवून बघा

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक खरं कार्ड हवं, शक्यतो त्याच सेटमधलं, निदान त्याच काळातलं. महाग नको. दहा-वीस रुपयांचं साधं कॉमन कार्डही चालतं, फक्त ते खात्रीचं हवं. मी याला 'साक्षीदार कार्ड' म्हणतो. माझ्या डब्यात जुन्या काळाचा एक, मधल्या काळाचा एक आणि नवीन एक असे तीन साक्षीदार कायम असतात.

दोन्ही कार्डं स्लीव्हमध्येच ठेवून खिडकीच्या उजेडात पालथी करा. ट्यूबलाइटखाली नको, रंग फसवतात. पाठीचा निळा रंग बघा. नकलीत तो जांभळट किंवा धुवून काढल्यासारखा फिका असतो. मग सुलट करा. अक्षरांची जाडी, ऊर्जेच्या गोल चिन्हांचा आकार, कडेच्या पट्टीचा रंग ताडा.

काळाचं भान ठेवा. इंग्रजी कार्डांची कडा वर्षानुवर्षं पिवळी होती. २०२३ च्या स्कार्लेट अँड व्हायोलेट मालिकेपासून ती करडी झाली. म्हणजे करडी कडा दिसली म्हणून 'नकली बे' ओरडू नका. पण २०१० सालच्या साध्या कार्डाला करडी कडा असेल, तर जरूर ओरडा.

पायरी ४: तिरपं करून बघा

कार्ड कडांनी धरा आणि उजेडात हळूहळू कलतं करा. बेस सेटमध्ये चमक फक्त चित्राच्या चौकटीत असते, चांदण्यांच्या नक्षीची. चित्र साधं आणि बाकीचं कार्ड चमकतंय, हा उलटा प्रकार इंग्रजीत २००२ पासून आला. म्हणून १९९९ चं म्हणून विकलेलं कार्ड कडेसकट सगळंच इंद्रधनुष्यासारखं चमकत असेल, तर विषय संपला.

नवीन महागड्या कार्डांवर बोटांच्या ठशांसारख्या बारीक उठावदार रेषा असतात आणि त्या चित्राच्या वळणाने जातात. केसांवर वेगळ्या, आगीवर वेगळ्या. नकलीत एक तर पृष्ठभाग गुळगुळीत असतो, नाहीतर चित्र काहीही असो, सगळीकडे एकच जाळी ठोकलेली असते. यासाठी बोट फिरवायची गरज नाही, तिरप्या उजेडात रेषा दिसतात.

पायरी ५: टॉर्च

दुकानदार पाचशेची नोट उजेडात धरतो ना, तसंच. खोलीत अंधार करा, फोनचा टॉर्च लावा. कार्ड टॉर्चवर टेकवू नका, बोटभर अंतर ठेवा. आधी साक्षीदार कार्ड, मग संशयित. खऱ्यातला काळपट थर बराचसा उजेड अडवतो. स्वस्त नकली कार्ड कंदिलासारखं उजळतं.

पण या परीक्षेला मर्यादा आहेत. चमकणाऱ्या कार्डातला धातूचा थरही उजेड अडवतो, त्यामुळे ही परीक्षा साध्या कार्डावर जास्त बोलकी. सोनेरी प्लास्टिकचं नकली कार्ड तर उजेड आरपार जाऊच देत नाही. आणि खऱ्या कार्डांचा कागदही छपाईच्या देशानुसार, वर्षानुसार थोडा बदलतो. फक्त टॉर्चवर निकाल देऊ नका.

पायरी ६: भिंग

माझी सगळ्यात आवडती पायरी. सोनाराचं दहा पटीचं भिंग पुरतं. ते नसेल तर फोनचा मॅक्रो मोड. दोन बोटांनी स्क्रीन ताणून मोठं करू नका. तो डिजिटल झूम असतो आणि फोन आपल्या मनाने कडा धारदार करून दाखवतो, म्हणजे नसलेलं दिसतं. भिंग लेन्ससमोर धरून साधा फोटो काढलात तर जास्त खरं दिसेल.

काय बघायचं? हल्ल्याच्या वर्णनातलं एखादं काळं अक्षर. खऱ्यात ते सलग काळं असतं, कडा स्वच्छ. नकलीत तेच अक्षर रंगीत ठिपक्यांचं बनलेलं दिसतं आणि कडा फुटलेल्या असतात. कारण उघड आहे. त्याने स्कॅन छापलाय, आणि स्कॅनमध्ये अक्षरही चित्राचाच भाग असतं. नकली करणारा रंग सुधारतो, कागद सुधारतो, पण ही चूक सहसा राहून जाते.

मॅजिक द गॅदरिंग खेळणाऱ्या पोट्ट्यांसाठी खास टीप. त्या कार्डाच्या पाठीवरच्या हिरव्या गोलात भिंगाने बघा. चार लालसर ठिपके इंग्रजी 'एल' आकारात दिसतात. नकलीत ते सहसा नीट येत नाहीत.

पायरी ७: मोजा

आकार ६३ बाय ८८ मिलिमीटर. पट्टीपेक्षा सोपं म्हणजे साक्षीदारासोबत जुळवून कडा बघणं. वजन साधारण पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. छोटा काटा असेल तर दोन्ही कार्डं स्लीव्हशिवाय एकेक करून ठेवा आणि फरक पाहा. चमकणारं कार्ड साध्यापेक्षा किंचित जड भरू शकतं, म्हणून तुलना जातभाईशीच करा.

सातही पायऱ्यांत हात धुतलेले आणि कोरडे हवेत. नागपूरच्या मे महिन्यात हे सांगणं सोपं, करणं अवघड, मान्य. जवळ रुमाल ठेवा.

काय अजिबात करायचं नाही

फाडायचं नाही, हे झालंच. कार्ड वाकवून ते परत सरळ होतं का, ही परीक्षाही नको. एक सुरकुती पडली की किंमत उतरली. पाण्याचा थेंब, नेलपेंट रिमूव्हर, स्पिरिट, नखाने खरवडणं, सेलोटेप लावून रंग निघतो का पाहणं, सगळं बंद.

यात पैशाचंही गणित आहे. समजा ऑनलाइन घेतलेलं कार्ड नकली निघालं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. पण तुम्ही ते फाडलंत की तो म्हणणार, "मी चांगलं पाठवलं होतं, फाडलं तुम्ही." तुमच्याकडचा एकमेव पुरावा तुम्हीच खराब केलेला असतो.

खोट्या धोक्याच्या घंटा

आता उलट बाजू. खरं कार्ड नकली समजण्याची चूक, म्हणजे माझीच. ती टाळायला चार गोष्टी सांगतो.

एक, कार्ड वळलंय म्हणून नकली नसतं. कागद हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो, धातूचा थर तसं करत नाही. त्यामुळे चमकणारं खरं कार्ड हवा बदलली की कमानीसारखं वळतं. आपल्याकडे एप्रिलमधली कोरडी हवा, मग कूलरची दमट हवा, मग पावसाळा. बिचारं करणार काय?

दोन, १९९/१६५ असा नंबर दिसला तर हसू नका. २०२३ मध्ये आलेल्या १५१ या सेटमधला एक चारिझार्ड याच नंबरचा आहे आणि तो खरा आहे. यादीपलीकडच्या दुर्मीळ कार्डांना असेच नंबर असतात.

तीन, चित्र जरा एका बाजूला सरकलंय. खऱ्या कारखान्यातही कापताना असं होतं. जपानी कार्डाची तर पाठच इंग्रजीपेक्षा वेगळी असते.

चार, धातूची खरी कार्डंही आहेत. २०२१ च्या सेलिब्रेशन्सच्या मोठ्या डब्यात पिकाचू आणि चारिझार्डची धातूची कार्डं होती. म्हणून नियम असा: 'सोनेरी आहे' एवढं कारण पुरत नाही. ते कोणत्या डब्यातून आलं, हे विचारा. म्हणजे परत पहिली पायरी.

सर्टिफिकेट आहे ना, मग?

महाग कार्डं पीएसए किंवा सीजीसीसारख्या कंपन्या तपासून, दर्जा देऊन जाड प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. डबीवर नंबर असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो. दागिन्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी आपण बीआयएसच्या ॲपवर तपासतो, तसंच. पण नंबर खरा आणि डबी नकली असंही होतं. म्हणून साइटवर फोटो असेल तर आतल्या कार्डाच्या बारीक खुणा जुळतात का, तेही बघा.

सर्टिफिकेटवाल्यांचीही गंमत होते. अमेरिकन यूट्यूबर लोगन पॉलने २०२१ च्या शेवटी ३५ लाख डॉलरला पहिल्या आवृत्तीच्या पाकिटांची सीलबंद पेटी घेतली. तिला खरेपणाचा दाखला होता. जानेवारी २०२२ मध्ये कॅमेऱ्यासमोर उघडली, तर आत जी. आय. जो या वेगळ्याच मालिकेची कार्डं!

दुसरी गोष्ट तर आजच्या विषयाला अगदी फिट. १९९६ च्या सुमाराची, पोकेमॉन कार्डाचे पहिले कच्चे नमुने म्हणून काही कार्डं २०२४ मध्ये बाजारात आली. तपासून डबीबंद झालेली. २०२५ च्या सुरुवातीला काही संग्राहकांनी त्यांचे स्कॅन संगणकावर उघडले आणि रंग कमी-जास्त केले. तेव्हा डोळ्यांना न दिसणारे फिके पिवळे ठिपके उमटले. बरेच कलर लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर असे ठिपके छापतात, आणि त्यात छपाईची तारीख दडलेली असते. काही कार्डांवरची तारीख निघाली २०२४ सालची. डबी उघडली नाही, कार्डाला कोणी हातसुद्धा लावला नाही. फक्त फोटो नीट पाहिला.

विकत घेताना

ऑनलाइन विकणाऱ्याकडे पाच गोष्टी मागा. पुढचा फोटो, पाठीचा फोटो, तिरपं करून काढलेला व्हिडिओ, टॉर्चचा व्हिडिओ आणि अक्षरांचा जवळून फोटो. शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी हवी, नाहीतर फोटो कोणाचाही ढापलेला असू शकतो. देत नसेल तर दुसरं कार्ड शोधा. "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, लगेच यूपीआय कर" असं म्हणाला, तर नक्कीच दुसरं शोधा.

प्रत्यक्ष भेटायचं तर वर्दळीच्या जागी, दिवसा. बर्डीचं मेट्रो स्टेशन चांगलं. लहान असाल तर घरच्या मोठ्यांना सोबत न्या. भिंग आणि साक्षीदार कार्ड खिशात ठेवा.

फसलातच तर? दुकान किंवा शॉपिंग ॲप असेल तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार करा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. पैसे घेऊन माणूस गायब झाला असेल तर लगेच १९३०, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. आणि हो, नकली निघालेलं कार्ड दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही. खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद लिहिलेली आहे.

शेवटी, एका पोट्ट्याची गोष्ट

आमच्याच बिल्डिंगमधला अकरा वर्षांचा एक मुलगा गेल्या महिन्यात फाइल घेऊन घरी आला. सगळी सोनेरी कार्डं. वाढदिवसाला आजीने पेन्शनच्या पैशातून घेऊन दिलेली. डोळे चमकत होते. म्हणाला, "दादा, हे विकले तर किती येतील?"

मला दारातूनच कळलं होतं. पण एका वाक्यात सांगून टाकणं जिवावर आलं. मी त्याला भिंग दिलं, एक खरं साधं कार्ड दिलं आणि म्हटलं, "तूच डिटेक्टिव्ह. फरक शोध." त्याने वीस मिनिटं शोधलं. टॉर्च लावला, अक्षरं पाहिली, 'ई'वरची रेघ शोधली. मग हळूच म्हणाला, "माझे खोटे आहेत ना?"

मी म्हटलं, "हो." थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मी यातले दोन देऊन वर्गातल्या मित्राचं एक घेतलंय. त्याचं तुमच्यासारखं आहे." म्हणजे खरं.

दुसऱ्या दिवशी त्याने ते परत केलं. मी सांगितलं नव्हतं. फक्त संध्याकाळी येऊन विचारलं, "मग हे आजीचे फेकून देऊ का?" मी म्हटलं, "फेकतोस कशाला? खेळ मस्त. फक्त बदलायला आणि विकायला काढू नकोस. आणि आजीला सांगू नकोस." तो म्हणाला, "आजीला सांगितलं. ती म्हणाली, पुढच्या वेळी तूच भिंग घेऊन चल."

ती आजी आपल्या या एपिसोडची खरी पाहुणी आहे, पण माईकसमोर यायला तयार नाही.

तर मंडळी, विचारा, वाचा, शेजारी ठेवा, तिरपं करा, उजेड दाखवा, भिंग लावा, मोजा. एका परीक्षेवर निकाल देऊ नका, तीन-चार पुरावे एकाच बाजूला झुकले की मगच बोला. आणि सगळं करूनही मनात शंका राहिली, तर कार्ड घेऊ नका. न घेतलेल्या कार्डाचं नुकसान होत नाही, तुमचंही नाही.

माझा ब्लास्टॉइज अजून आहे. फाटलेला, जाड प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. जुन्या काळाचा माझा साक्षीदार आता तोच आहे. दादा मागच्या दिवाळीत आला तेव्हा त्याने तो हातात घेतला, फाटलेल्या कडेकडे पाहिलं आणि म्हणाला, "निदान आता खरा आहे हे तरी पक्कं."

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोवर कार्डं सावलीत ठेवा आणि स्वतःही सावलीत राहा. चला, मी कूलर लावतो.